ब्रिटनमधला वारसा कर आणि वाईची जमीन : वकिलाकडे जाण्याआधी काय तयारी करावी?

रानजाई

नमस्कार मंडळी,

आम्ही लंडनजवळ हॅरोला राहतो, इकडे येऊन १८ वर्षं झाली. इथलं घर दोघांच्या नावावर आहे, कर्ज फिटत आलंय. कोथरूडला एक फ्लॅट आहे. वाईजवळ आईच्या नावावर घर आणि चार एकर जमीन आहे, ती धाकटा भाऊ कसतो. आई ७८ वर्षांची आहे, तब्येत ठणठणीत आहे. या वेळी तिनेच मृत्युपत्राचा विषय काढला. म्हणाली, "मी आहे तोवर लिहून ठेवू, मागाहून तुम्हा भावंडांत वाकडं नको."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे सगळं फिरतंय. इथल्या वारसा कराचा भारतातल्या मिळकतीशी संबंध येतो का? येत असेल तर आईच्या पश्चात येतो की आमच्या? वकील इथला गाठायचा की साताऱ्याचा? इथे एका सल्लागाराने "ट्रस्ट करून देतो, सगळा कर वाचेल" असं सांगून बरीच फी मागितली. काय वाचेल आणि कसं, हे मात्र लेखी द्यायला तयार नाही, म्हणून मी थांबले.

नवऱ्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे. मी ब्रिटिश घेतला, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) आहे. निवृत्तीनंतर पुण्यात परतायचं दोघांच्याही मनात आहे. मुलं दोन, दोन्ही इथेच जन्मलेली.

साधामाणूस

भारतात वारसा कर नाही. १९८५ साली गेला. आईची मिळकत भारतात, आई भारतात. तुम्ही निश्चिंत राहा.

मुळशीखोरे

साधामाणूस यांचं म्हणणं भारतापुरतं बरोबर आहे. संपदा शुल्काचा, म्हणजे आपल्याकडच्या वारसा कराचा, कायदा १९५३ला आला, तेव्हा चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. विश्वनाथ प्रताप सिंहांनी १९८५च्या अर्थसंकल्पात तो कर काढला. १६ मार्च १९८५पासून पुढच्या मृत्यूंना तो लागत नाही. मधूनमधून, विशेषतः निवडणुकीच्या सुमारास, तो परत येणार अशी आवई उठते, पण आज तरी तसा कायदा नाही. वारशाने किंवा मृत्युपत्राने मिळालेली मिळकत घेणाऱ्याचं उत्पन्नही धरली जात नाही.

कर येतो तो विकताना. आयकरात वारसाची खरेदी किंमत म्हणजे आधीच्या मालकाची खरेदी किंमत. मिळकत जुनी असेल तर १ एप्रिल २००१ची बाजारकिंमत धरता येते. म्हणून रानजाईताई, कोथरूडच्या आणि वाईच्या घराचं २००१चं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून आताच करून घ्या. अनिवासी माणसाला दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा जो पर्याय निवासींना मिळतो, तो अनिवासींना नाही. शिवाय विकत घेणारा आधीच करकपात करतो, आणि ती परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं.

शेतजमिनीचं वेगळं. १० हजार ते १ लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन भांडवली मालमत्ताच धरत नाहीत, त्यामुळे भारतात तिच्या विक्रीवर हा कर नाही. तुमची जमीन वाईच्या हद्दीपासून किती दूर आहे ते मोजून ठेवा.

आणि एक अगदी महत्त्वाचं. आईने हयातीत शेतजमीन तुम्हाला बक्षीसपत्राने द्यायचा विचार करत असाल तर करू नका. महाराष्ट्रात मुलीला घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र आहे, म्हणून लोकांना तो मार्ग सोपा वाटतो. पण परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसही घेता येत नाही. वारशाने मात्र येऊ शकते. म्हणजे तुमच्या बाबतीत मृत्युपत्र हाच रस्ता.

थेम्सकाठ

मी लंडनमध्ये एका सॉलिसिटर (इथले वकील) कार्यालयात मृत्युपत्रं आणि वारसा प्रकरणांच्या विभागात काम करते. इथे लिहिते ती सर्वसाधारण माहिती आहे, तुमच्या कागदांवर सल्ला नाही.

आधी आईचं. त्या भारतात राहतात, मिळकत भारतात आहे. त्यांच्या मृत्यूनंतर ब्रिटनचा वारसा कर लागत नाही. प्रश्न पुढचा आहे. ती मिळकत तुमच्या नावावर आली की ती तुमच्या इस्टेटीचा (म्हणजे तुमच्या मागे राहणाऱ्या एकूण मालमत्तेचा) भाग होते, आणि तुमच्या मृत्यूनंतर तिचा हिशेब इथे होऊ शकतो.

६ एप्रिल २०२५पासून इथला नियम बदलला. मागच्या २० करवर्षांपैकी १० वर्षं तुम्ही इथले निवासी असाल तर जगभरातली मालमत्ता वारसा कराच्या कक्षेत येते. पासपोर्ट कुठला याने फरक पडत नाही. तुम्ही दोघंही १८ वर्षांमुळे आत आहात. परत गेलात तरी लगेच सुटका नाही. १० ते १३ वर्षं राहिलेल्यांच्या मागे तो ३ वर्षं राहतो, नंतर प्रत्येक जादा वर्षाला एक वर्ष वाढतं, २० वर्षं राहिलेल्यांना १० वर्षं. आज परतलात तर तुम्हाला ८ वर्षं. हॅरोचं घर तर तुम्ही कुठेही राहा, इथल्या करातून सुटत नाही, कारण ते इथे आहे.

आता आकडे. प्रत्येकाला ३,२५,००० पौंडांपर्यंत कर नाही. ही मर्यादा २००९पासून हललेली नाही. राहतं घर मुलांना किंवा नातवंडांना जात असेल तर आणखी १,७५,०००. पती-पत्नींनी एकमेकांना दिलेल्यावर कर नाही आणि पहिल्याची न वापरलेली मर्यादा दुसऱ्याला मिळते, म्हणून जोडप्याला एकूण १० लाख पौंड. त्याच्या वरच्या रकमेवर ४० टक्के. इस्टेट २० लाखांच्या वर गेली की घराची जादा सवलत कमी होत जाते.

समजा घर साडेसात लाखांचं, शिल्लक दीड लाख आणि भारतातलं सगळं मिळून अडीच लाख पौंड. एकूण साडेअकरा. दहा लाखांच्या वरच्या दीड लाखावर ४० टक्के म्हणजे ६०,००० पौंड. आता पेन्शनचा निधी बघा. ६ एप्रिल २०२७पासून न वापरलेलं पेन्शनही बहुतांशी इस्टेटीत मोजणार आहेत. ते तीन लाख असेल तर कर १,८०,०००वर जातो. आजपर्यंत "आम्ही काही श्रीमंत नाही" म्हणणारी आपली नोकरदार मंडळी यात येणार आहेत. हे मी रोज पाहते आणि मला मनापासून वाटतं की लोकांनी हे पन्नाशीतच समजून घ्यावं.

रानजाई

थेम्सकाठ, मुळशीखोरे, दोघांचेही खूप आभार. म्हणजे कोथरूडचा फ्लॅट आणि उद्या वाईचा हिस्सा यांच्यावरही ४० टक्के? त्याला काहीच उपाय नाही?

थेम्सकाठ

आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. इथल्या सगळ्याच सल्लागारांना माहीत असतो असंही नाही.

भारत आणि ब्रिटन यांच्यात मृत्यूनंतरच्या करांबद्दल १९५६चा करार आहे. भारताने आपला कर काढला, तरी करार चालू आहे. त्याचा गाभा असा : मृत व्यक्तीचा अधिवास भारतात असेल, ब्रिटनमध्ये नसेल, तर ब्रिटनबाहेरच्या मालमत्तेवर ब्रिटन हा कर लावत नाही. इथे अधिवास म्हणजे वर्षं मोजून ठरणारा निवास नव्हे. जुन्या अर्थाने, माणसाचं कायमचं घर कुठे, शेवटी परतायचं कुठे, हा तो प्रश्न. १० वर्षांचा नवा नियम या कराराच्या आड येत नाही.

वरच्या उदाहरणात भारतातले अडीच लाख बाजूला निघाले तर १,८०,०००चे ८०,००० होतात.

पण दोन अटी नीट वाचा. एक, भारतात अधिवास असल्याचं तुमच्या वारसांना दाखवता आलं पाहिजे, तेही तुम्ही सांगायला नसताना. पुण्यातलं घर राखलं आहे का, परतायचं कधी आणि का, हे कुठे लिहिलंय का, अंत्यसंस्कार कुठे व्हावेत असं म्हटलंय, अशा गोष्टी पाहतात. ब्रिटिश पासपोर्ट घेतल्याने दावा आपोआप बुडत नाही, पण तो तुमच्या विरुद्ध जाणारा एक मुद्दा आहे. दोघांचा अधिवास वेगवेगळा तपासला जातो.

दोन, आणि इथे लोक हमखास अडकतात : भारतातली मालमत्ता ब्रिटिश कायद्याखालच्या मृत्युपत्राने जात असेल तर कराराचं संरक्षण मिळत नाही. म्हणजे इथे एकच मृत्युपत्र करून त्यात "माझी जगातली सर्व मालमत्ता" लिहिलं की संपलं. भारतातल्या मिळकतीसाठी भारतात, भारतीय कायद्याखाली, वेगळं मृत्युपत्र हवं. आणि दोन्हींत "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द" हे ठरावीक वाक्य तसंच ठेवू नका, नाहीतर नंतर केलेलं आधीचं मारून टाकतं. प्रत्येकात लिहा की हे फक्त अमुक देशातल्या मालमत्तेपुरतं आहे.

करार मृत्यूपुरता बोलतो. हयातीत दिलेल्या भेटींना तो लागू नाही.

साधामाणूस

हे अजिबात माहीत नव्हतं. माझा मुलगा बर्मिंगहॅमला आहे, त्याला हा धागा पाठवतो.

भीमथडी

मी साताऱ्यात दिवाणी वकिली करतो. ताईंना एक मूळ प्रश्न विचारतो, कारण सगळा हिशेब त्यावर आहे. जमीन आईंच्या नावावर कशी आली? वडील कधी गेले, आणि तेव्हा तुम्ही भावंडांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलं होतं, की तलाठ्याकडे अर्ज देऊन नुसता फेरफार?

रानजाई

बाबा २०११ला गेले. जमीन त्यांनी स्वतः घेतलेली. भावाला विचारलं. आमच्या संमतीचा अर्ज आणि फेरफार एवढंच आहे, हक्कसोडपत्र नाही. सातबारावर आईचं एकटीचं नाव आहे.

भीमथडी

मग सातबारा काहीही म्हणो, सातबारा हा मालकीचा पुरावा नव्हे, महसुली नोंद आहे. स्वकष्टार्जित मिळकत आणि मृत्युपत्र नाही, तर हिंदू वारसा कायद्याने २०११लाच आई, भाऊ आणि तुम्ही असे तिघे समान मालक झालात. आई मृत्युपत्र करू शकतात ते फक्त आपल्या एक तृतीयांशाचं. त्यांनी सगळी जमीन भावाला लिहून दिली तरी तुमचा हिस्सा त्यात जात नाही. सगळी तुम्हा दोघांना अर्धी-अर्धी लिहिली तर मात्र शेवटी हिशेब अर्धा-अर्धाच निघतो.

माझ्याकडे येणाऱ्या दहा वादांतले बरेच इथूनच सुरू होतात. आई असेपर्यंत सगळे समाधानी असतात. आई गेल्यावर कुणीतरी फेरफाराची नक्कल काढतं.

तेव्हा आधी जुने फेरफार, खरेदीखत आणि आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) यांच्या नकला काढा. आई, भाऊ आणि तुम्ही एकत्र बसून ठरवा की तुमचा हिस्सा ठेवायचा की भावाला सोडायचा. भाऊ गेली कित्येक वर्षं जमीन राखतोय, आईकडे बघतोय, याचीही किंमत आहे. पण बहिणीने "माहेर तुटायला नको" म्हणून न विचारता सही करावी हेही मला पटत नाही. बहिणीचा हक्क हा हक्क आहे. सोडायचा असेल तर समजून-उमजून, नोंदणी करून सोडावा.

गोदातीर

भीमथडी, शेवटच्या परिच्छेदासाठी अगदी मनापासून अनुमोदन. माझ्या आईच्या पिढीत सगळ्या बहिणींनी रक्षाबंधनाच्या आसपास मुकाट्याने सह्या केल्या होत्या. त्यातल्या एका मावशीला म्हातारपणी डोक्यावर छप्पर नव्हतं.

थेम्सकाठ

भीमथडींच्या मुद्द्यामुळे इथलं गणितही बदलतं, म्हणून लिहिते.

२०११ला मिळालेला हिस्सा आजच रानजाईंच्या इस्टेटीत आहे. तो आता भावाला सोडला तर इथल्या कायद्याने ती भेट होते. भेट दिल्यावर ७ वर्षं जगलात तर कर नाही. आधी काही झालं तर तिची किंमत हिशेबात येते. तुमचं वय पाहता हे घाबरण्यासारखं नाही, पण तारीख आणि त्या दिवशीची किंमत लिहून ठेवा.

आईंच्या हिश्शाचं वेगळं. त्यांच्या पश्चात तो तुम्हाला मिळाला आणि तुम्ही तो भावाला किंवा स्वतःच्या मुलांना द्यायचं ठरवलं, तर मृत्यूपासून २ वर्षांच्या आत योग्य शब्दांत लेखी बदल केल्यास वारसा करापुरतं ते आईनेच परस्पर दिलं असं धरलं जातं. ती तुमची भेट ठरत नाही, ७ वर्षांचा प्रश्न येत नाही. भारतात त्याला हक्कसोडपत्राची नोंदणी वेगळी लागेलच. दोन्ही कागदांच्या तारखा आणि मजकूर जुळले पाहिजेत. म्हणूनच इथला आणि तिथला वकील एकमेकांशी बोललेले असणं इतकं गरजेचं.

त्याहून सोपं म्हणजे आईंनी मृत्युपत्रातच ठरवणं. तुमच्या वाट्याचं थेट नातवंडांना दिलं तर ते तुमच्या इस्टेटीत येतच नाही.

आणखी एक : आईच्या मृत्यूच्या तारखेचं मूल्यांकन करून घ्या. भारतात विक्रीचा नफा आधीच्या मालकाच्या किमतीवरून मोजतात, तर ब्रिटनमध्ये मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावावरून. दोन्ही आकडे लागतील. भारतातल्या शेतजमिनीला इथली शेतीची सवलतही मिळत नाही. एप्रिल २०२४पासून ती फक्त ब्रिटनमधल्या जमिनीला आहे.

हिंजवडीपूल

थोडा विषय बाजूला नेतो, क्षमस्व. मी पुण्यातच राहतो. अमेरिकन कंपनीत आहे, पगाराचा भाग म्हणून कंपनीचे शेअर मिळतात. मला काही लागू होतं का?

चांदणवेल

होय, आणि तुमच्यासारख्या हजारो लोकांना कुणी सांगत नाही. मी न्यू जर्सीला असते. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी व्यक्तीच्या नावावर अमेरिकन कंपनीचे शेअर असतील तर तिच्या मृत्यूनंतर फक्त ६०,००० डॉलरपर्यंत सूट आहे. वरच्या रकमेवर चढत्या दराने ४० टक्क्यांपर्यंत कर. इथले नागरिक आणि कायमचे रहिवासी यांना २०२६पासून दीड कोटी डॉलरची सूट आहे, म्हणून इथल्या मराठी मंडळींना प्रश्न येत नाही, पण पुण्यात बसलेल्या इंजिनियरला येतो. या कराबाबत भारत आणि अमेरिकेत करार नाही. विवरणपत्र मृत्यूपासून ९ महिन्यांत भरायचं असतं आणि मोठ्या रकमेसाठी अमेरिकी कर खात्याचा दाखला मिळेपर्यंत दलाल कंपनी सहसा शेअर सोडत नाही.

शेअर हातात आले की ठरावीक काळाने विकून पैसे भारतात आणणं हा सरळ उपाय आहे. निदान बायकोला खात्याचा तपशील माहीत असू द्या.

हिंजवडीपूल

आजच रात्री हिला सगळं दाखवतो. आभार.

गोदातीर

वकील निवडण्याबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून माझा अनुभव. सासरे लीड्सला गेले, तेव्हा सगळं निस्तरायला मी आणि नवरा होतो.

इंग्लंडमध्ये मृत्युपत्र लिहून देण्याचा धंदा कुणीही करू शकतो, त्याला सॉलिसिटर असावं लागत नाही. म्हणून आधी बघा की माणूस सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या यादीत आहे का. 'स्टेप' या संस्थेचा सभासद असेल तर इस्टेटीच्या कामाचं खास शिक्षण झालेलं असतं. पहिल्याच फोनवर विचारा, "भारताबरोबरच्या १९५६च्या करारावर तुम्ही काम केलंय का?" उत्तरात चाचपडला तर नम्रपणे आभार माना. फी ठरावीक रकमेत सांगा म्हणावं, तासावर नको. अधिवासाबद्दलचं मत लेखी मागा. उद्या कर खात्यासमोर ते मुलांच्या हाती लागणार आहे.

आम्हाला सर्वांत जड गेलं ते पैशांचं वेळापत्रक. ज्या महिन्यात मृत्यू झाला तो संपल्यापासून ६ महिन्यांत कर भरायचा, नंतर व्याज. इस्टेटीतले पैसे सहजी हाती येत नाहीत, कारण कर भरल्याशिवाय प्रोबेट (मृत्युपत्राला मिळणारी न्यायालयाची मान्यता) नाही. बँकेला थेट कर खात्याला पैसे द्यायला सांगता येतं आणि घरावरचा कर १० वार्षिक हप्त्यांत देता येतो, हे आम्हाला सॉलिसिटरने सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. भारतातल्या फ्लॅटवर कर लागला असता तर सोसायटी, वारस दाखला आणि विक्री एवढ्यात सहा महिन्यांत काहीच झालं नसतं.

मुळशीखोरे

सोसायटीवरून आठवलं. कोथरूडच्या फ्लॅटला नॉमिनी आहे म्हणून वारसाचं झालं, असं समजू नका. नॉमिनी हा मालक नाही, वारसांसाठी सांभाळणारा आहे. मृत्युपत्र हवंच. भारतात त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पण दोन साक्षीदार लागतात. दुय्यम निबंधकाकडे नोंदवून टाका, पुढची शंका मिटते. विक्रीचे पैसे बाहेर न्यायचे तर वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत सीएच्या प्रमाणपत्रावर नेता येतात.

रानजाई

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. इथल्या एका सॉलिसिटरबाईंशी बोलणं झालं. करार त्यांना चांगला माहीत होता. साताऱ्याच्या वकिलांबरोबर त्यांनी एकत्र फोनवर बोलायची तयारी दाखवली, तेव्हाच मी हो म्हटलं.

ठरलं ते असं. भारतातल्या मिळकतीची आमची दोघांची मृत्युपत्रं पुण्यात, इथली इथे, एकमेकांना न मारणारी. नवऱ्याच्या अधिवासाची बाजू भक्कम आहे, माझी तितकी नाही, त्यामुळे कोथरूडचा फ्लॅट कुणाच्या नावावर किती याचा विचार चालू आहे. आईला भीमथडींनी सांगितलेलं सगळं समजावलं. बाबांनंतरचा माझा हिस्सा जमिनीपुरता मी भावाला सोडणार आहे, कारण ती तोच कसतो. घरातला माझा हिस्सा राहील. हे आईसमोर, भाऊ आणि वहिनी दोघंही असताना बोललो. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमची खोली तुमचीच." आईने आपल्या हिश्शात चारही नातवंडांना बरोबरीने घ्यायचं ठरवलं आहे.

थेम्सकाठ, एक शेवटचं. मी दर महिन्याला पगारातून आईला पैसे पाठवते. तेही भेट म्हणून मोजणार का?

थेम्सकाठ

नियमित असतील, उत्पन्नातून जात असतील आणि ते देऊन तुमचं नेहमीचं राहणीमान चालत असेल, तर त्यांना पूर्ण सूट आहे आणि ७ वर्षांची अटही नाही. त्याखेरीज वर्षाला ३,००० पौंडांच्या भेटींना वेगळी सूट आहेच. फक्त नोंद हवी : दर वर्षाचं उत्पन्न, खर्च आणि पाठवलेली रक्कम. कर खात्याच्या वारसा कराच्या अर्जांत यासाठी तयार तक्ता आहे. तोच आत्तापासून दरवर्षी भरत चला आणि मृत्युपत्राच्या पाकिटात ठेवा.